उद्यमबाग, कागल की वेर्णा: नोकरी शोधणाऱ्या एकाला पत्र

प्रिय मित्रा,

तू आयटीआय टर्नरच्या शेवटच्या वर्षाला, बहीण बी.कॉम. होऊन घरी, आणि प्रश्न एकच, ‘सध्या कशाला स्कोप आहे?’ या प्रश्नाला बेळगावात बसून उत्तर देता येत नाही, कारण स्कोपच्या बातम्या येतात त्या बेंगळुरू-पुण्याच्या बाजाराच्या. आपला बाजार वेगळा आहे. बेळगावपासून साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन राज्यं येतात. इकडे हुबळी-धारवाड, वर कोल्हापूर, खाली गोवा. त्यामुळे या टप्प्यात कोण माणसं घेतंय, कोणता कागद बघून घेतंय आणि मंदी आली की आधी कुणाला काढतंय, एवढं विचार. ही तीन उत्तरं मिळाली की पुढचं बोलता येतं.

तुझ्यापासून सुरुवात करतो. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्र्या (धातू ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉप बहुतेक दुसऱ्याच्या ऑर्डरीवर चालतात: ट्रॅक्टर, ट्रक, पंप, हायड्रॉलिकचे सुटे भाग. पाऊस ओढला आणि ट्रॅक्टरची विक्री मंदावली की थोड्याच दिवसांत इथल्या मोल्डिंग लाइनवर (वाळूचे साचे बनतात तिथे) ते दिसतं. अशा वेळी आधी ओटी (ओव्हरटाइम) बंद होतो, मग तिसरी शिफ्ट, मग ठेकेदाराची माणसं, आणि कायम कामगार सगळ्यात शेवटी. म्हणून कंपनीची जाहिरात बघत बसू नकोस. शिफ्ट सुटताना गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर दहा मिनिटं थांब आणि ‘ओटी मिळतोय का?’ एवढंच विचार. आठवड्यातले चार दिवस ओटी असेल तर तिथे भरती निघणार. ‘गेल्या महिन्यापासून बंद आहे’ असं कुणी म्हणालं तर तिथे अर्ज टाकून वाट बघण्यात अर्थ नाही.

फौंड्रीत मोल्डिंग आणि फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला) माणूस कायम कमी पडतो, कारण उष्णता, धूळ आणि अंगमेहनत. तिथे काम लगेच मिळेल, पण पाच वर्षांनीही तू तिथेच असशील. त्याच आवारात वाळूची चाचणी, स्पेक्ट्रोमीटर (धातूची रचना तपासणारं यंत्र), पॅटर्न शॉप (साच्यासाठीचे नमुने बनवतात ते खातं) आणि तपासणी ही खाती असतात, तिकडे सरकायचा प्रयत्न कर. वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, का येतात आणि धातू थंड ओतला की कोल्ड शट, म्हणजे धातू एकजीव न झाल्याची रेघ, का होतो, हे ज्याला सांगता येतं त्याला सुपरवायझर खात्यात ओढून घेतो.

आता मशीनिंग. राष्ट्रीय महामार्गावर हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथे आणि बेळगावातल्या चांगल्या शॉपमध्ये नुसता ‘ऑपरेटर’ भरपूर मिळतो. जॉब लावायचा, बटण दाबायचं, काढायचा, एवढंच येणारा. कमी पडतो तो सेटर, म्हणजे मशीन जुळवून माप धरून देणारा. ऑपरेटर आणि सेटर यांच्यातला फरक मोजमापात आहे, आणि मुलाखतीत तो दोन मिनिटांत उघडा पडतो.

ड्रॉइंगवर बोअर (भोकाचा व्यास) दिलाय २५ एच ७. म्हणजे किमान २५.००० आणि कमाल २५.०२१ मिलिमीटर. एकूण सूट २१ मायक्रॉन, म्हणजे ०.०२१ मिलिमीटर. हातातल्या व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, म्हणजे सगळी टॉलरन्स व्हर्नियरच्या जेमतेम एका भागाएवढी. इथे व्हर्नियर उचलणारा मुलगा तिथेच बाद होतो. बोअर गेज मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) शून्य करून घ्यायचा, नाहीतर गो-नो गो प्लग गेज (एक टोक आत जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये असा) वापरायचा. माप २४.९९५ आलं तर पुन्हा कट घेता येतो, २५.०२४ आलं तर जॉब भंगारात. म्हणून शहाणा सेटर बोअर आधी थोडा लहान ठेवतो, मोजतो आणि ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देऊन शेवटचा कट घेतो. पुढचा प्रश्न हमखास येतो: इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला तर बोअर मोठा होईल की लहान? लहान होतो. बाहेरून टर्निंग करताना मात्र व्यास वाढतो. हे पाठ करू नकोस, कागदावर टूल काढून बघ.

अॅल्युमिनियमचं आणखी एक. शंभर मिलिमीटरचा जॉब मशीनमधून दहा अंश गरम बाहेर आला तर तो सुमारे २३ मायक्रॉनने फुगलेला असतो. गरम असतानाच मोजून ‘ओके’ शिक्का मारला की दुसऱ्या दिवशी क्वालिटी खात्यात तोच जॉब लहान भरतो, आणि शिव्या रात्रपाळीला बसतात. विमानाच्या कामात प्रत्येक तुकड्यामागे धातूच्या हीट नंबरपासून (धातू कोणत्या वितळीतला ते सांगणाऱ्या क्रमांकापासून) तपासणीच्या सहीपर्यंत कागद लागतो. खाडाखोड केलेली नोंद तिथे खराब जॉबइतकीच गंभीर धरतात. ज्याचं अक्षर सुवाच्य आणि आकडा खरा, त्याला तिथे किंमत आहे.

आयटीआय झाल्यावर लगेच नोकरी धरण्यापेक्षा एक वर्ष अप्रेंटिसशिप कर, असं माझं मत आहे. स्टायपेंड पगारापेक्षा कमी मिळतो, घरचे कुरकुर करतील, पण शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र रेल्वेपासून सार्वजनिक उपक्रमांपर्यंत चालतं. अट एकच: करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला हवा. नोंद नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, स्वस्तातला हेल्पर. ‘ट्रेनी’ म्हणून घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून करार क्रमांक मागून घे. बेळगावातल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात सीएनसीचे (संगणकाने चालणाऱ्या मशीनचे) छोटे कोर्स असतात. कोर्सची फी भरण्याआधी एकच विचार, मशीनवर प्रत्यक्ष किती तास मिळणार? सिम्युलेटरवर शिकलेल्याला पहिल्या दिवशी टूल टेकवायला हात धजत नाही.

साखर कारखान्यांचं थोडक्यात. अथणी, चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी पट्ट्यात ओळखीने सीझनला लागता येतं, पण गाळप चार-पाच महिन्यांचं. त्याच आवारातल्या डिस्टिलरीचं आणि वीजनिर्मितीचं काम जास्त काळ चालतं. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं गेलं, त्याच्या आधीच्या काही वर्षांत डिस्टिलऱ्या वाढल्या. तिथे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिस्ट आणि प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट लागतात. टर्नरला फारसं काही नाही.

निपाणीकडच्या पोरांना कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत घरून ये-जा करण्याच्या अंतरावर आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली थोडं पुढे. गोव्यात वेर्ण्याला औषधकंपन्या आहेत, तिथे बी.एस्सी. केमिस्ट्रीला मागणी असते. गोव्यातलं हॉटेलचं काम खानापूरच्या मुलांना लगेच मिळतं, पण ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात निम्मे परत येतात. हे आधी धरून चाललास तरच तिकडे जा.

आता बहिणीचं. आपल्या मराठी माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते गुणांमुळे नाही, भाषेच्या अटीमुळे. बऱ्याच भरत्यांत ‘स्थानिक भाषा’ असा एक रकाना असतो, जाहिरातीत आधी तो वाचायचा.

स्टेट बँकेच्या क्लार्कसाठी अर्ज एकाच राज्यातून करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर ती भाषा असेल तर वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेली, मार्कलिस्टवर कन्नड नसलेली मुलगी सवयीने कर्नाटकातून अर्ज भरते आणि कन्नडच्या चाचणीत अडकते, तोच अर्ज महाराष्ट्रातून भरला तर ती अडचणच उरत नाही. टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवकांना परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. तिथेही दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली हवी, आणि अर्ज एकाच विभागासाठी करता येतो. तिच्या मार्कलिस्टवर मराठी आणि कन्नड दोन्ही असतील तर दोन्ही राज्यांतल्या गेल्या वेळच्या याद्या काढून शेवटचा गुण कुठे थांबला ते बघा, मग विभाग निवडा. स्टाफ सिलेक्शनच्या एमटीएस (शिपाई वगैरे पदं) आणि जीडी कॉन्स्टेबलचे (निमलष्करी दलांतले) पेपर आता मराठीतही देता येतात. रेल्वेचेही.

कर्नाटक सरकारच्या क गटासाठी सक्तीचा कन्नड पेपर असतो, १५० पैकी किमान ५० गुण हवेत. हे गुण यादीत धरत नाहीत, पण नापास झालात तर बाकीचा पेपर तपासून उपयोग नाही. आपली माणसं गणपत गल्लीच्या बाजारात फाडफाड कन्नड बोलतात आणि लिहायला बसलं की जोडाक्षरात अडतात. रोज अर्धा तास, सहा महिने, आणि फक्त लेखन. वर्तमानपत्रातली एक बातमी उतरवून काढायची, मग न बघता चार ओळींत सांगायची. अभिमान-बिभिमान बाजूला ठेव. तुझ्या मशीन शॉपमधली सुरक्षा सूचनाही कन्नडमध्येच लावलेली असते.

महाराष्ट्र सरकारच्या भरतीत, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना अर्ज करता येतो, त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात आल्यावर दाखल्यामागे धावलात तर मुदत निघून जाते, आत्ताच कामाला लागा. आणि कर्नाटकातला मागास प्रवर्गाचा दाखला तिकडे चालेल असं गृहीत धरू नका, खुल्या गटाच्या कटऑफची तयारी ठेवा. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालेल तितका चालेल, वयाची अट त्याच्यासाठी थांबत नाही.

तुझ्या चुलतभावाला सांग, सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून नवख्यांची भरती आखडली आहे. नुसत्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर बेंगळुरूला खोली घेऊन बसू नये. नर्सिंगला मात्र जिल्ह्यातही आणि बाहेरही मागणी टिकून आहे. कॉलेज निवडताना स्टेट नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि मागे किती खाटांचं हॉस्पिटल आहे, हे बघायचं.

ऑफर हातात आली की सीटीसीच्या (कंपनीला तुझ्यामागे पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्यावर भुलू नकोस. समज, एकूण पगार १५,००० आणि त्यात बेसिक १२,०००. तुझा पीएफ १,४४०, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) ११३. हातात येतात १३,४४७. कंपनी आपल्या वाट्याचा १,४४० पीएफ आणि ४८८ ईएसआय मिळवून सीटीसी १६,९२८ सांगते. दोन्ही आकडे खरे, पण खोलीभाडं द्यायचं असतं ते १३,४४७ मधून. नेमणूकपत्र लेखी घे, ते देणं नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी बंधनकारक केलंय. पत्रावर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, ते नीट वाच. नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट मागणारा, मग तो कितीही ओळखीचा असो, त्याला एक रुपयाही द्यायचा नाही.

तुझा,
एक हितचिंतक

ता. क. एक काम याच आठवड्यात कर. आपल्याकडे दहावीच्या मार्कलिस्टवर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या आणि रेशनकार्डावर कन्नडवरून उतरवलेलं तिसऱ्याच स्पेलिंगने असतं. कुठे आडनाव पुढे, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. भरतीची कागदपडताळणी आणि पुढे पीएफचे पैसे दोन्ही इथेच अडकतात. दहावीचं मार्कलिस्ट प्रमाण धरून आधार आणि बँकखातं त्याप्रमाणे दुरुस्त करून घे, बहिणीचंही.