रविवारी दुपारी सगळं ठीकच दिसतं

घरच्या म्हाताऱ्या माणसाला केअर सेंटरमध्ये किंवा वृद्धाश्रमात ठेवलेली मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक वेळा झोप लागत नाही म्हणून. दोन-तीन भेटी झाल्या की आतली भीती बाहेर येते. तिथे आपल्या माणसाला मारत तर नसतील? उपाशी ठेवत नसतील? आणि त्यामागोमाग एक हतबल प्रश्न: पैसे घेऊन सांभाळणारी माणसं इतकी निर्दय कशी होतात? या प्रश्नाचं माझं उत्तर एका ताईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पुण्यात बँकेत नोकरीला, पन्नाशी ओलांडलेल्या. आई ऐंशीच्या पुढची. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये या आजींनी जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले होते. अल्झायमर्सचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचं, निदान झाल्यावर काही वर्षं ताईंनी त्यांना घरीच सांभाळलं. सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाया आल्या आणि गेल्या. एकदा गॅस चालू राहिला. एकदा पहाटे ३ वाजता ‘शाळेला उशीर होतोय’ म्हणत आजी जिना उतरून थेट रस्त्यावर गेल्या. अमेरिकेतला भाऊ म्हणाला, “पैशाची काळजी करू नकोस, चांगलं ठिकाण बघ.” शहराबाहेर एका बंगल्यात चालणारं केंद्र ताईंना आवडलं. स्वच्छ जागा, पुढे बाग, मालकीणबाई बोलायला गोड.

ताई दर रविवारी दुपारी ४ च्या सुमारास जायच्या. आजी हॉलमध्ये खुर्चीत बसवलेल्या असायच्या. वेणी घातलेली, तोंडाला पावडर, अंगावर धुतलेला गाऊन. एका रविवारी चहा पाजताना बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला ओळीत चार निळसर डाग, बाहेरच्या बाजूला एक. विचारल्यावर उत्तर आलं, “आजी बाथरूममध्ये पडल्या.” ताई काही बोलल्या नाहीत. नेलेले दोन ग्लास नारळपाणी आजींनी घटाघटा पिऊन टाकलं, तेही त्यांनी पाहिलं आणि परत आल्या.

“मी गप्प का बसले, हेच मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. थोडं बोलल्यावर कळलं. बोललो आणि रात्री त्यांनी आईवरच राग काढला तर? ‘घेऊन जा तुमच्या आईला’ म्हणाल्या तर ठेवायचं कुठे? ही भीती खुळी नाही. अशा ठिकाणी माणूस ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती असते, आणि केंद्राच्या भिंतींइतकीच तीही आतलं आत ठेवते.

आधी डागांबद्दल बोललो. म्हातारपणी कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाताच्या पाठीवर, मनगटाच्या वर जांभळे चट्टे जरा धक्का लागला तरी उठतात. त्यावरून कुणावर आरोप करू नये. पडल्यावर मार लागतो तो गुडघ्याला, कोपराला, कपाळाला, खुब्याला. दंडाची आतली बाजू सहसा जमिनीवर आपटत नाही. एका बाजूला चार आणि समोर एक अशी खूण बोटांच्या पकडीची असू शकते. मी ताईंना सांगितलं, तारखेसह फोटो काढून ठेवा, बाहेरच्या डॉक्टरांना दाखवून कागदावर नोंद करून घ्या. आणि रविवार दुपार सोडून जा. पहाटे जा, जेवणाच्या वेळी जा, रात्री ८ नंतर जा.

त्या एका पहाटे साडेपाचला पोचल्या. वॉचमनने ओळखीचा चेहरा म्हणून फाटक उघडलं. आत आंघोळी चालू होत्या. रात्रपाळीला एकच मावशी आणि वर-खाली मिळून बावीस म्हातारी माणसं. दिवसाच्या बाया ८ वाजता येणार, त्याआधी सगळ्यांचे डायपर बदलून, आंघोळी उरकून, कपडे चढवून ठेवायचे, म्हणून आंघोळी पहाटे ४ पासूनच सुरू होत. आजींना झोपेतून उठवून आणलं होतं. अर्धवट उजेडात कुणी अनोळखी बाई आपला गाऊन डोक्यावरून ओढतेय, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी बाथरूमची चौकट दोन्ही हातांनी धरली. “कोण गं तू? सोड! हेडमास्तरांना सांगेन!” मावशींनी दंड पकडून त्यांना आत ओढलं. मग दारात उभ्या असलेल्या ताई त्यांना दिसल्या. हात सुटला आणि मावशी तिथेच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून रडायला लागल्या. त्यांच्या मनगटावर दातांची खूण होती, ताजी. “कालच्या सकाळपासून मीच आहे हो ताई. बदलीची बाई आलीच नाही.”

ताई मला म्हणाल्या, “तिच्या कानाखाली वाजवावी असंही वाटलं आणि तिला घोटभर चहा करून द्यावा असंही.”

मला या दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. आजींना ओढलं गेलं, त्या घाबरल्या, त्यांना इजा झाली. मावशी थकलेल्या होत्या म्हणून ती इजा कमी होत नाही. पण पुढच्या आजीच्या दंडावर वळ उठू नयेत असं वाटत असेल, तर मावशींना काढून टाकून भागत नाही. त्यांच्या जागी दुसरी बाई येईल आणि तिलाही पहाटे ४ ते ८ मध्ये तेवढ्याच बावीस आंघोळी उरकाव्या लागतील. हिशोब करून बघा, माणशी जेमतेम अकरा मिनिटं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला न घाबरवता आंघोळ घालायची तर आधी ओळख द्यावी लागते, पाणी हाताला लावून दाखवावं लागतं, अंगावर टॉवेल राहू द्यावा लागतो. त्याला अर्धा तास लागतो. अकरा मिनिटांत ओढाओढच होते.

जागतिक आरोग्य संघटना वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांच्या आधारे सांगते, की वृद्धांच्या निवासी संस्थांत काम करणाऱ्या दर तिघांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून गैरवर्तन घडल्याचं कबूल केलं. त्यात मारहाणीबरोबर ओरडणं, अपमान करणं, हेळसांड करणंही आलं. तिघांपैकी दोघं मुळातच दुष्ट असतात, हे मला पटत नाही. तिघांपैकी दोघांना दुष्टपणाकडे ढकलणारी कामाची घडण असते, हे मात्र पटतं.

नारळपाण्याचंच घ्या. त्या केंद्रात संध्याकाळी ५ नंतर कुणाला फारसं पाणी देत नसत. कारण उघड आहे: पाणी कमी तर रात्री डायपर कोरडे, आणि बदलणारी एकटी. पण पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो. त्या वयात संसर्गाने ताप येईलच असं नाही. माणूस एकाएकी जास्त गोंधळतो, रात्रभर हाका मारतो. मग ‘आजी फार त्रास देतात’ म्हणून झोपेची गोळी सुरू होते. गोळीने तोल जातो, माणूस पडतो किंवा अंथरुणाला खिळतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबरेवर, टाचांवर जखमा होतात. ती बदलायला रात्री पुन्हा तीच एक बाई. यात कुणी कुणाला चापट मारलेली नाही. तरीही माणूस हळूहळू मरणाकडे जातो. माझ्या मते मारहाणीपेक्षा ही हेळसांड जास्त घरांना गाठते, आणि तिचा फोटो काढता येत नाही.

मावशींना हे काम कुणी शिकवलं नव्हतं. घरकाम करत होत्या, ब्यूरोने पाठवलं, आल्या. केंद्र देतं त्यातला वाटा ब्यूरो ठेवतं. आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही. चावणं, थुंकणं, शिव्या देणं हे त्या आजाराचं लक्षण आहे, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी आजी ‘मुद्दाम’ करत होत्या. हा एक समज सगळ्यात घातक. समोरचा मुद्दाम त्रास देतोय असं वाटलं की हात कठोर व्हायला वेळ लागत नाही. त्यात माणसाचं नाव जाऊन ‘खिडकीजवळची’, ‘तीन नंबर खाट’ असं सुरू झालं, की तिला लाजही वाटत असेल, थंडीही वाजत असेल, हे लक्षातून निसटतं.

काही माणसं खरोखरच वाईट असतात, हेही मी पाहिलं आहे. अंगठी काढून घेणारी, दिसणार नाही अशा जागी चिमटे काढणारी, न बोलता येणाऱ्या बाईच्या अंगाला नको तिथे हात लावणारी. अशा बाबतीत समजुतीने घेण्याचा सल्ला मी कधीच देत नाही. आधी आपलं माणूस तिथून हलवा, वैद्यकीय तपासणी करा आणि पोलिसांकडे जा. पण अशी माणसं टिकतात तीही त्याच जागी, जिथे कामावर घेताना चौकशी होत नाही, रात्री कुणी फिरकत नाही आणि विसराळू म्हातारीचं बोलणं ‘तिला काय कळतंय’ म्हणून सोडून दिलं जातं.

सरकार बघत नाही का, असं ताईंच्या भावाने व्हिडिओ कॉलवर विचारलं. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे. त्याचा मुख्य भर मुलांनी आई-वडिलांचं पालनपोषण करण्यावर आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणाऱ्या तरतुदी असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. संस्था म्हणून किंवा ट्रस्ट म्हणून नोंदणी असते, मात्र रात्री किती माणसं हजर आहेत हे त्या कागदावरून कळत नाही. तरी हात अगदीच बांधलेले नाहीत. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून जाणूनबुजून ती न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. शिक्षा लहान आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलम माहीत असलेल्या माणसाशी मालक वेगळं बोलतात. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं. आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

ताईंबरोबर माझं खरं काम झालं ते अपराधीपणावर. ‘आईला टाकून आलीस’ असं एका मावसबहिणीने लग्नात तोंडावर म्हटलं होतं. तेव्हापासून केंद्रात गेल्यावर ताईंना फक्त ‘आई बरी आहे’ एवढंच ऐकायचं असायचं, आणि केंद्रवाल्यांना ते बरोबर कळायचं. अपराधी वाटणारा माणूस खाऊ घेऊन जातो, पण पांघरूण उचलून टाचा बघत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आईची सेवा विकत घेतलीय, आईची जबाबदारी नाही विकली, तेव्हा विचारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

मालकीणबाईंशी काय बोलायचं याची आम्ही चक्क तालीम केली. मी मालकीणबाई झाले. सुरुवातीला ताईंचा आवाज कापायचा. ठरलं असं की ‘तुम्ही मारता’ असं म्हणायचं नाही, पाहिलेलं आणि हवं असलेलं सांगायचं. प्रत्यक्ष भेटीत मालकीणबाई आधी चिडल्या, मग म्हणाल्या, “रात्री दुसरी बाई ठेवणं परवडत नाही, ताई.” ताईंनी मागितलं ते असं: आईची आंघोळ सकाळी ११ ला, दिवसाच्या बाईकडून. फार विरोध केला त्या दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसलं तरी चालेल. पाण्याची नोंद वहीत. झोपेची गोळी मला विचारल्याशिवाय वाढवायची नाही. आणि आईला ‘ए आजे’ नको, ‘बाई’ म्हणायचं, शाळेत म्हणायचे तसं.

शेवटची मागणी सगळ्यांनी लगेच मान्य केली आणि तिचाच गुण सगळ्यात आधी आला. “बाई, शाळेला जायचंय ना, आंघोळ करून घ्या,” असं म्हटल्यावर आजी बऱ्याचदा आपणहून उठायच्या. पाण्याची वही मात्र काही दिवसांतच बंद पडली. रात्रीही एकच बाई राहिली.

तेव्हा ताईंनी भेटायला येणाऱ्या इतर घरच्यांचे नंबर घेतले. निम्म्यांनी ‘उगाच वाद नको’ म्हणून अंग काढून घेतलं. तीन घरं बरोबर आली. त्यांनी मिळून मालकीणबाईंना सांगितलं, आम्ही महिन्याला थोडे जास्त देतो, पण त्यातून रात्रीची दुसरी बाई ठेवायची आणि हजेरी आम्हाला दाखवायची. बाई ठेवली गेली. फी वाढल्यावर एका घराने आपल्या आजोबांना दुसरीकडे हलवलं, आणि त्यांचं ते नवं ठिकाण कसं आहे हे कुणाला माहीत नाही. ताईंचा भाऊ आता त्याच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या पहाटे, आठवड्यातून दोनदा फोन लावतो आणि त्या वेळी जागी असलेल्या मावशींशी नाव घेऊन बोलतो. ताई रविवारी जात नाहीत, बुधवारी ऑफिस सुटल्यावर जातात आणि रात्रीचं जेवण स्वतः भरवतात.