राष्ट्रपती थेट लोकांनी का निवडू नयेत?

प्रश्न : अमेरिकेत देशभरात जास्त मते मिळवूनही उमेदवार हरतो, हा मतदारांवर अन्याय नाही का? आणि आपले राष्ट्रपती तरी लोकांनी थेट का निवडू नयेत?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : अमेरिकेपुरता आपला आक्षेप मला पूर्णपणे पटतो. तेथे मतदार प्रत्यक्षात ५३८ निर्वाचक निवडतात, त्यांपैकी २७० जण पाठीशी असणारा राष्ट्राध्यक्ष होतो आणि मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात, आघाडी एका मताची का असेना, सर्व निर्वाचक आघाडीवरच्या उमेदवाराकडे जातात. २००० साली जॉर्ज बुश यांना फ्लोरिडात अवघ्या ५३७ मतांची आघाडी मिळाली आणि त्या राज्याच्या २५ निर्वाचकांच्या बळावर ते जिंकले; देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही अल गोर हरले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांच्याबाबत हेच घडले आणि तेव्हा फरक २८ लाखांवर होता. या पद्धतीमुळे लहान राज्यांचा आवाज टिकतो, असे तिचे समर्थक सांगतात. परंतु प्रचार पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा अटीतटीच्या मोजक्या राज्यांत एकवटतो आणि चिमुकल्या वायोमिंगकडे क्वचितच कोणी फिरकते. ज्याच्या हाती देशाची कार्यकारी सत्ता जाणार, त्याच्या निवडीत प्रत्येक मताचे वजन सारखेच असले पाहिजे.

आपल्याकडे ती सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे. संविधान सभेत के. टी. शहा यांनी राष्ट्रपतींच्या थेट निवडीचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. कारण कोट्यवधी मतदारांचा कौल घेऊन आलेल्या राष्ट्रपतींनी पंतप्रधानांचा सल्ला बंधनकारक का मानावा, हा पेच पहिल्याच मतभेदात उभा राहिला असता.

मात्र सध्याच्या पद्धतीत एक गोष्ट खटकते. मुंबईच्या विधान भवनात आमदार गुलाबी मतपत्रिकेवर निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीक्रम लिहितात, तेव्हा त्या प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५ असते. राज्याच्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि पुन्हा एक हजाराने भागून हा आकडा येतो. पण ती लोकसंख्या १९७१ सालची, म्हणजे सुमारे पाच कोटी चार लाख धरलेली आहे. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, यासाठी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हाच आधार राहणार आहे. हेतू रास्त आहे, तरीही पुढे हा भार कसा वाटायचा, याची चर्चा थेट निवडीच्या मागणीपेक्षा मला अधिक निकडीची वाटते.