चॅटमधला प्रश्न वर्गात आण

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजने वर्गात कॅमेरा, मोठा स्क्रीन, माइक असं सगळं बसवून दिलंय आणि आता मुलं समोर बसलेली असताना त्याचं करायचं काय, हा तुझा प्रश्न. उत्तराआधी एक प्रसंग सांगते.

२०२० मध्ये वर्ग बंद झाले, त्यानंतरच्या काही आठवड्यांतली गोष्ट. ऑनलाइन तासाला मी स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यावरून काढलेली सरासरी साधारण किती चुकू शकते याचं माप, शिकवत होते. त्याच्या सूत्रात छेदात एनचं, म्हणजे नमुन्याच्या आकाराचं, वर्गमूळ असतं. समोर नुसते काळे चौकोन. तेवढ्यात चॅटमध्ये एक ओळ उमटली : ‘मॅडम, छेदात वर्गमूळ का येतं? नुसता एन का नाही?’ नाव वाचलं आणि मी बोलायची थांबले. ही मुलगी दीड वर्ष माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होती. तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. तिच्या प्रश्नाखाली लगोलग चौघांनी लिहिलं, ‘मलाही हेच विचारायचं होतं.’ मला फार लागलं ते. ‘कळलं ना?’ म्हणायचं, पुढच्या बाकांवरच्या दोन-चार माना हलल्या की पुढे सरकायचं, हेच मी वर्षानुवर्षं करत आले होते.

वर्ग पुन्हा भरले तेव्हा आपण सगळ्यांनी हुश्श केलं आणि त्या चॅटसकट सगळं गुंडाळून ठेवलं. म्हणून तुला सांगते, सगळ्यात आधी तीच सोय परत आण. हात वर न करता, कुणाच्या नजरेत न येता प्रश्न विचारता आला पाहिजे. सगळ्यांना लिहिता येईल असं एक साधं पान पुरतं. विचारणाऱ्याचं नाव वर्गाला दिसू नये, तुला मात्र दिसावं. अगदीच निनावी ठेवलं की टवाळकी सुरू होते. शिकवता शिकवता ते पान बघणं जमत नाही, मी करून पाहिलंय. दर तासाला एका विद्यार्थ्याकडे ते सोपव. त्याने पंधरा-वीस मिनिटांनी तुला थांबवायचं आणि प्रश्न मोठ्याने वाचायचे. त्याने थांबवलं की खरोखर थांब. प्रश्न दोनदा अनुत्तरित राहिले तर तिसऱ्यांदा कुणी लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट पोलची. ऑनलाइन तासात आपण पोल घ्यायचो, टक्के बघायचो आणि बरोबर उत्तर सांगून मोकळे व्हायचो. समोरासमोरच्या वर्गात त्याची खरी ताकद वापरता येते. हार्वर्डमध्ये एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र असंच शिकवत आले. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर ती जाहीर न करता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि मग पुन्हा मत घ्यायचं. माझा लाडका प्रश्न असा : नमुन्याचा आकार चौपट केला तर स्टँडर्ड एरर किती होईल? पहिल्या फेरीत ‘पाव’ म्हणणारे भरपूर असतात. मग चर्चा सुरू होते, कुणीतरी शेजाऱ्याच्या वहीत चाराचं वर्गमूळ काढून दाखवतं आणि दुसऱ्या फेरीत ‘निम्मी’कडे पारडं झुकतं. पहिल्या फेरीचे आकडे तेवढे पडद्यावर दाखवू नकोस. दाखवलेस तर मुलं विचार सोडून बहुमताच्या मागे जातात.

आणि यासाठी ॲपच हवं असं नाही. अ, ब, क, ड लिहिलेली कार्डं वर करायला लावली तरी शिकण्यात फरक पडत नाही, असं नेथॅनियल लॅस्री यांनी २००८ मध्ये क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं छोटं यंत्र) आणि कार्डं यांची तुलना करून दाखवलंय. वाय-फाय गेलं म्हणून तास बुडाला असं तुझ्याकडून होऊ नये.

कॅमेरा मात्र जरूर वापर. घरून शिकवताना मी पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून कागदावर गणितं सोडवायचे. पुढे एका मुलाने सांगितलं, ‘तुमचा हात कुठे अडखळतो ते दिसायचं, म्हणून समजायचं.’ फळ्यावर लिहिताना आपली पाठच सगळं झाकते. आता मी वर्गातही कॅमेऱ्याखाली कागद ठेवून लिहिते, शेवटच्या बाकालाही खाडाखोड दिसते. खाडाखोड दिसू दे. आणखी एक, मुलांच्या वह्याही त्यांना विचारून त्याच कॅमेऱ्याखाली ठेव.

रेकॉर्डिंगबद्दल तुझ्या सहकाऱ्यांना वाटणारी भीती मी समजू शकते. सगळं घरी मिळालं तर वर्गात कोण येणार? पण आजारी मुलाला, भाषेशी झगडणाऱ्या मुलाला त्याचा मोठा आधार असतो. अख्खा तास टाकू नकोस. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली, तेव्हा सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओंमध्ये मुलं सर्वाधिक गुंतलेली आढळली. अवघड पायरी तेवढी वेगळी काढून ठेव, मथळे देऊन.

समोरचा वर्ग आणि घरी बसलेली मुलं यांना एकाच वेळी शिकवायला कुणी सांगितलं, तर मदतनीस मागितल्याशिवाय हो म्हणू नकोस. एकट्या माणसाकडून दोन्हीकडे अन्याय होतो.

फोनचं म्हणशील, तर प्रश्नापुरता बाहेर, मग पालथा. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांचे गुण घसरलेच, पण तो लॅपटॉप नजरेच्या टप्प्यात असलेल्या बाकीच्यांचेही घसरले. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांग, ती ऐकतात.

पहिल्या आठवड्यात एवढंच कर : प्रश्नांचं पान आणि तासाला एक चांगला पोल. प्रश्न आदल्या रात्री मला पाठव. चुकीचे पर्याय कसे निवडलेस ते मला बघायचंय, कारण मुलं ज्यात खरोखर अडकतात तोच पर्याय सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुझी,
मॅडम