कास्त्रातोंचा आवाज कुठे घडत होता?

मागच्या अंकात बरोक काळातल्या (साधारण 1600 ते 1750) इटालियन ऑपेराची ओळख करून देताना कास्त्रातो, म्हणजे वयात येण्याआधी खच्चीकरण झालेल्या पुरुष गायकांचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : शस्त्रक्रिया झाली की आवाज उंचच राहणार, हे नक्की असायचं का? आणि तो आवाज लहान मुलासारखा असायचा की बाईसारखा?

आवाज फुटणार नाही, एवढं बहुतेक वेळा नक्की असे. तो गाण्याजोगा होईल याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नव्हतं. मुलगा वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे त्याचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. वृषणं आधीच निकामी केली तर हे घडत नाही. त्यामुळे सगळा खेळ वयाचा होता. शस्त्रक्रिया साधारण आठ ते बारा या वयात करत. फार लवकर केली तर मुलाला गळा आहे की नाही हेच कळलेलं नसे. उशीर झाला तर स्वरयंत्र वाढायला लागलेलं असे, आणि एकदा उतरलेला आवाज परत वर चढत नाही. जंतुसंसर्ग म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा जिवाचा धोकाही होताच.

आवाज मुलाचा किंवा बाईचा वाटत नसे, कारण बाकीचं शरीर वाढतच राही. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या या मुलांत वेळेवर बंद होत नसत. हातपाय लांब होत, छातीचा पिंजरा रुंद होई. सगळ्यांत गाजलेला कास्त्रातो फारिनेल्ली 1782 मध्ये बोलोन्यात 77 व्या वर्षी वारला. 2006 मध्ये त्याचे अवशेष कबरीतून काढून तपासले, तेव्हा लांब हाडं तर दिसलीच, पण कमरेच्या हाडाच्या कडेवरची वाढीची रेघही पूर्ण सांधलेली नव्हती. लहान मुलाचे स्वरतंतू आणि त्यांच्यामागे धिप्पाड माणसाची फुफ्फुसं, असा तो जोड होता. आवाज उंच, पण त्याला वजन आणि दमसास मोठ्या माणसाचा.

प्रश्न : चर्चने हे चालू कसं दिलं?

कागदावर ते गुन्हा होतं आणि करणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा होती. दुसरीकडे, स्त्रियांनी चर्चमध्ये गप्प राहावं या सेंट पॉलच्या वचनाचा आधार घेऊन चर्चच्या गायनवृंदात बायकांना घेत नसत. पोप पाचव्या सिक्स्टसने 1589 मध्ये रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या वृंदाची नवी रचना केली, तिच्यात कास्त्रातोंना जागा होती. त्याच्याच काळात रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावरही बंदी आली. मागणी चर्चची आणि गुन्हा मात्र आईबापांचा, अशी ही व्यवस्था होती. मग मुलगा घोड्यावरून पडला, रानडुकराने जखमी केला, अशी कारणं सांगितली जात. इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी 1770 मध्ये इटलीत फिरला, तेव्हा शस्त्रक्रिया कुठे होते याची त्याने चौकशी केली. मिलानचे लोक म्हणाले व्हेनिसला, व्हेनिसचे म्हणाले बोलोन्याला, आणि असंच पुढे. आठ-दहा वर्षांच्या मुलाची संमती हा शब्दच इथे निरर्थक आहे. पुढे कितीही मोठा गायक झाला, तरी त्याच्या आयुष्याबद्दल बोलताना हे विसरता कामा नये.

प्रश्न : मी शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी आहे. कास्त्रातोंचा रियाज प्रत्यक्षात कसा असायचा? कुठे आणि किती वर्षं?

नेपल्समध्ये चार संस्था होत्या : सांता मारिया दी लोरेतो, सांतोनोफ्रियो आ कापुआना, पिएता देई तुर्किनी आणि पोवेरी दी जेसू क्रिस्तो. मुळात ही सोळाव्या शतकातली अनाथालयं. कॉन्सर्व्हेटरी हा शब्द तिथूनच आला, मुलांचं जतन करण्याची जागा या अर्थाने. मुलांना ठरावीक वर्षांच्या करारावर ठेवून घेत. त्या काळात मिरवणुकांत, अंत्यविधींत, देवदूतांचा वेश घालून गाऊन मुलं संस्थेला पैसे मिळवून देत.

बर्नीने सांतोनोफ्रियोत जे पाहिलं ते नीट वाचण्यासारखं आहे. एकाच खोलीत सात-आठ हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य), त्याहून जास्त व्हायोलिनं आणि गाणारी मुलं, प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललेलं. हिवाळ्यात मुलं उजाडायच्या दोन तास आधी उठत आणि जेवणाचा दीड तास सोडून रात्री आठपर्यंत सराव करत. सोळा कास्त्रातो तेवढे वरच्या मजल्यावर उबदार खोल्यांत झोपत, कारण सर्दी झाली की गळा बसतो. ही काळजी मुलाची कमी आणि भांडवलाची जास्त होती.

रोममधल्या एका शाळेचा दिनक्रम बोन्तेम्पी या कास्त्रातो संगीतकाराने 1695 मध्ये छापला. सकाळी अवघड जागा गाण्यात एक तास, ट्रिलमध्ये एक तास (ट्रिल म्हणजे लागून असलेल्या दोन स्वरांची जलद आंदोलनं), तानांसारख्या जलद स्वरपंक्तींमध्ये एक तास, भाषा आणि वाङ्मयात एक तास. शिवाय गुरूसमोर आरशात पाहून गाण्याचा एक तास, कपाळ, डोळे, तोंड वेडंवाकडं होऊ नये म्हणून. दुपारी अर्धा तास संगीतशास्त्र, अर्धा तास काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र स्वरओळींची जुळणी), मग स्वररचना आणि पुन्हा वाङ्मय. उरलेल्या वेळात हार्प्सिकॉर्ड वाजवायचा किंवा एखादं स्तोत्र रचायचं. म्हणजे घडवला जात होता तो नुसता गळा नव्हे, स्वतः रचना करू शकणारा संगीतकार.

यातली दोन कामं सगळ्यांत कठीण. पहिलं 'मेस्सा दी वोचे' : एकच स्वर अगदी हळू लावायचा, त्याच दमात पूर्ण आवाजापर्यंत फुगवायचा आणि पुन्हा हळू करत संपवायचा. इथे चूक बहुधा परतीला होते. फुगवताना सगळा श्वास खर्च होतो आणि उतरताना स्वर हलतो किंवा खाली घसरतो. दुसरं काम छातीचा आवाज (खालच्या स्वरांचा भरीव आवाज) आणि शिरःस्वर (वरच्या स्वरांचा हलका आवाज) यांचा सांधा. पिएर फ्रान्चेस्को तोसी हा स्वतः कास्त्रातो. 1723 च्या आपल्या ग्रंथात तो बजावतो की हे दोन आवाज ओळखू येणार नाहीत इतके एकजीव व्हायला हवेत, नाहीतर गळ्याचं सौंदर्यच जातं. सांधा बसायला घाई चालत नाही. छातीचा आवाज जबरदस्तीने वर ओढला की मधले स्वर कर्कश होतात, आणि तो फार लवकर सोडला की पोकळ. तुम्हीही मध्य सप्तकातून तारात जाताना हेच अनुभवत असाल.

प्रश्न : एकच भाग दोनदा गाण्यात एवढं कौतुकाचं काय होतं?

दुसऱ्यांदा तो तोच राहत नसे, हेच कौतुक. आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं. 'दा कापो' आरियाचे तीन टप्पे : पहिला भाग, वेगळ्या भावाचा छोटा मधला भाग, मग पहिल्याची पुनरावृत्ती. तोसीचा नियम असा की पहिल्यांदा अलंकार मोजकेच, म्हणजे रचना स्वच्छ कळेल. मधल्या भागात थोडे अधिक. आणि परत येताना जो गायक आधीपेक्षा चांगला बदल करू शकत नाही, तो मोठा उस्ताद नव्हे. शेवटी वादक थांबत, गायक कादेन्झा घेई, म्हणजे साथीशिवाय मुक्तपणे अलंकार गाई. ती एका श्वासात बसली पाहिजे, असं त्या काळचे जाणकार सांगत. ती संपते ट्रिलवर, तीच वादकांना परत येण्याची खूण. कादेन्झा लांबवण्याच्या हौसेत ट्रिलला श्वासच उरला नाही, तर सगळी आरिया त्या क्षणी कोसळते.

प्रश्न : त्यांना पैसे खरोखर इतके मिळत होते का?

वरच्या मूठभरांना मिळत. साधारण पंधरा ते वीस या वयात पदार्पण होई, रोममध्ये बहुधा स्त्रीभूमिकेत. मग 26 डिसेंबरला सुरू होणाऱ्या कार्निव्हल हंगामाचे करार, मग परदेश. फारिनेल्लीचं खरं नाव कार्लो ब्रोस्की, गुरू निकोला पोर्पोरा, पदार्पण 1720 मध्ये नेपल्सला. 1734 मध्ये लंडनला त्याला हंगामाचे 1,500 गिनी (इंग्लंडची सोन्याची नाणी) ठरले होते, वर बेनिफिटच्या, म्हणजे खास गायकाच्या लाभासाठी ठेवलेल्या, एका रात्रीचं उत्पन्न. 1737 मध्ये तो माद्रिदला राजा पाचव्या फेलिपेकडे गेला आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथेच राहिला, पण सार्वजनिक रंगमंचावर पुन्हा गायला नाही. काफ्फारेल्ली या दुसऱ्या कास्त्रातोने तर जहागीर विकत घेऊन ड्यूक ही पदवी मिळवली. तो दहा वर्षांचा असताना आजीने दोन द्राक्षमळ्यांचं उत्पन्न त्याच्या शिक्षणासाठी लावून दिलं होतं. बहुतेक मुलांमागे असा आधार नसे. ज्यांचा गळा साधारण निघाला ते गावोगावच्या चर्चमध्ये तुटपुंज्या पगारावर गात, किंवा शिकवण्या करत.

प्रश्न : त्यांना लग्न करता येत असे का?

कॅथलिक नियमाने नाही. 1587 पासून पोपची स्पष्ट मनाई होती. तेंदुच्ची या कास्त्रातोने 1766 मध्ये आयर्लंडमध्ये डोरोथिया मॉन्सेलशी लग्न केलं, ते पुढे रद्दबातल ठरवलं गेलं.

प्रश्न : आज तो आवाज ऐकायचा असेल तर काय ऐकावं? आणि त्या भूमिका आता कुणी गाव्यात?

ध्वनिमुद्रण आहे ते आलेस्सांद्रो मोरेस्की या कास्त्रातोचं, 1902 आणि 1904 मधलं, रोममध्ये केलेलं. ते जरूर ऐका, पण त्यावरून फारिनेल्लीची कल्पना करू नका. मोरेस्की चर्चचा गायक होता, ऑपेराचा नव्हे. बरोक अलंकारांची परंपरा त्याच्या कितीतरी आधी संपली होती, आणि कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या त्या मुद्रणात आवाजाचा बराच भाग हरवतो.

भूमिकांचं म्हणाल तर संगीतकार हॅन्डेलचा 1724 चा ऑपेरा 'जूल्यो चेझारे' (ज्यूलियस सीझर) घ्या. त्यात सीझर सेनेसिनो या कास्त्रातोने गायला आणि त्याचा शत्रू तोलोमेओ बेरेनश्टाट या दुसऱ्या कास्त्रातोने. विसाव्या शतकात बराच काळ अशा भूमिका एक सप्तक खाली उतरवून भारदस्त आवाजाच्या पुरुषांना देत. त्याने रचना बिघडते. गायकाची ओळ बास वाद्यांच्या गर्दीत येते, आणि युगुलगीतात जवळजवळ चालणारे दोन स्वर एकमेकांपासून दूर फेकले जातात. हॅन्डेलला योग्य कास्त्रातो नसला तर तो पुरुषवेशातली स्त्री घेई. 1720 च्या 'राडामिस्तो'त नायक आधी मार्गेरिता दुरास्तांतीने गायला, त्याच वर्षी पुढे सेनेसिनोने. म्हणून आमचं मत असं की मूळ पट्टीत गाणारी मेझो-सोप्रानो (मध्यम उंचीच्या आवाजाची गायिका) किंवा काउंटरटेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष), दोन्ही चालतील. काउंटरटेनर बहुतांशी फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषाच्या पातळ कृत्रिम उंच आवाजात, गातो, त्यामुळे खालच्या स्वरांत त्याचा जोर कमी पडतो आणि सेनेसिनोच्या भूमिका तर खालीच लिहिलेल्या आहेत. त्या जागी चांगली मेझो जास्त खरी वाटते. दोन्ही मुद्रणं शेजारी ठेवून सीझरची एकच आरिया ऐका, आणि लक्ष पुनरावृत्तीच्या खालच्या स्वरांवर ठेवा.