फुकटचा हत्ती आणि ‘वापर’ची भाऊबंदकी

बालवाडी चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलांना रंगवायला त्या नेटवरून चित्रं उतरवून घेतात. परवा एका हत्तीच्या चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या: ‘फ्री फॉर पर्सनल अँड क्लासरूम यूज’ आणि त्याखाली ‘नॉट फॉर कमर्शियल यूज’. पालकांच्या ग्रुपवर चित्र टाकताना ताईंनी त्याचं मराठी केलं, ‘वैयक्तिक व वर्गातील वापरासाठी मुक्त. फक्त अव्यापारी वापर.’ एका पालकांनी लगेच कळवलं की ‘मुक्त’ चूक, ‘निःशुल्क’ म्हणा. दुसऱ्या पालकांचं शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी ‘मुक्त’ एवढंच वाचलं आणि ग्रुपवरच्या अशा चाळीस चित्रांची स्पायरल बाइंडिंगची वही करून ती ६० रुपयांना विकायला ठेवली. ताई विचारतात, बरोबर शब्द कोणता, आणि त्या दुकानदारांना काय सांगू?

दुकानदारांचं नंतर बघू. आधी ‘मुक्त’. इंग्रजी ‘फ्री’ दिसला रे दिसला की त्याच्या जागी ‘मुक्त’ ठेवून लोक मोकळे होतात आणि माझं डोकं उठतं. मुक्त म्हटलं की मराठी कान विचारणारच, कशापासून? कर्जमुक्त, रोगमुक्त, तंबाखूमुक्त शाळा. काहीतरी जाच होता, तो सुटला. हा हत्ती कशापासून सुटला? चित्रकाराच्या मालकीपासून? तसं असतं तर खाली अटी घातल्या असत्या का? पैसे पडणार नाहीत, एवढंच ती सूचना सांगते. गोष्ट तुमच्या खिशाची चालली आहे, चित्राच्या मालकीची नव्हे. लग्नात जेवण मोफत असतं म्हणून कोणी मठ्ठ्याचं पातेलं घरी नेत नाही.

इंग्रजीची ही अडचण जुनी आहे. ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना पुन्हा पुन्हा सांगत बसावं लागलं की ‘फ्री’ म्हणजे फ्री बिअर नव्हे, फ्री स्पीच; फुकटची बिअर नव्हे, बोलण्याची मोकळीक. शेवटी त्या मंडळींनी लॅटिनकडून ‘ग्रॅटिस’ (मोफत) आणि फ्रेंच-स्पॅनिशकडून ‘लिब्र’ (मुक्त) असे दोन शब्द उसने घेतले. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन डबे शेजारी शेजारी झाकण लावून ठेवलेले आहेत, आणि आपण ते हौसेने एकमेकांत कालवतो.

आता ‘निःशुल्क’वाले. ‘मोफत’ फारसी म्हणून यांना चालत नाही. ठीक. पण तो हत्ती ज्या कागदावर, ज्या शाईने छापला, ते ‘कागद’ आणि ‘शाई’ही तिकडूनच आलेत, त्यांचं काय करायचं? ‘मुफ्त’ मराठीत येऊन ‘मोफत’ झाला, जसे हुक्म आणि जुल्म यांचे हुकूम आणि जुलूम झाले. असा मराठी उच्चारात बसलेला शब्द बाहेर काढून त्या जागी आणायचा कोण, तर ‘शुल्क’. संस्कृतात शुल्क म्हणजे जकात, नाक्यावरचा कर. आणि मुलीच्या बापाने जावयाकडून घेतलेली किंमत, जी घेऊ नये म्हणून मनुस्मृतीने बजावलं आहे. परीक्षेला शुल्क असतं, तिथे निःशुल्क शोभतं. हत्ती काही जकातनाक्यावरून येत नाही.

‘फुकट’ मला आवडतो, पण सूचनेत तो टोमण्यासारखा लागतो. त्याच्याविषयी माझा एक समज आहे, कोशकारांनी हसून घ्यावं. ‘फुकट’, ‘फुका’ यांच्या मुळाशी तोंडातली फुंकरच असावी. जगात खरोखर बिनपैशाचं काही असेल तर तोंडची वाफ. समर्थ मनाच्या श्लोकात ‘फुकाचे मुखी बोलता काय वेचे’ म्हणतात तेव्हा ‘फुका’ आणि ‘मुखी’ शेजारी आले, ते निव्वळ यमकापायी आले असं मला वाटत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क चित्रकाराचा होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला इंग्रजी ‘सी’ छापावा लागत नाही, आणि हा हक्क चित्रकाराच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. ज्यांना खरोखर ‘मुक्त’ म्हणावं अशी चित्रंही आहेत. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची सरस्वती आता कोणाच्याच मालकीची नाही. मात्र त्या सरस्वतीवरून आज कोणी रंगवण्यासाठी नव्याने बाह्यरेषा काढली, तर त्या रेषांवर त्या काढणाऱ्याचा नवा हक्क असू शकतो. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात प्रती काढायला कायद्याच्या ५२व्या कलमात जागा आहे. त्यामुळे ताई, तुमच्या वर्गापुरतं तुम्ही निर्धास्त राहा. नाही तरी त्या सूचनेने वर्गाला परवानगी दिलेलीच आहे. झालं.

खरी गंमत ‘मुक्त’मध्ये नाहीच. ती आहे तुमच्या ‘अव्यापारी वापर’मध्ये, आणि तुम्ही ते इतक्या सहज लिहून गेलात की मी वाचता वाचता थांबलो. कारण ‘वापर’ हाच ‘व्यापार’ आहे! एकच शब्द. एकाने धोतर नेसलंय, दुसऱ्याने पँट घातलीय, एवढाच फरक.

संस्कृतातला ‘व्या’ मराठीत येताना ‘वा’ होतो. व्याघ्राचा वाघ झाला, व्याख्यानातून वाखाणणं आलं. तसाच व्यापारचा वापर. आता पुढचं बघा. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘प’ मराठीत झिजून ‘व’ होतो: दीपाचा दिवा, तापाचा ताव. मग ‘व्यापार’ पुरता झिजला तर काय उरेल? ‘वावर’! घरात वावरणारी माणसं, तिचा स्वयंपाकघरातला वावर, तो हाच. म्हणजे तिघं सख्खे भाऊ. थोरला व्यापार शिकून तसाच राहिला, मधला वापर अर्धवट झिजला, धाकटा वावर पार मराठी मातीचा झाला. गुजरातीतही ‘वापरवुं’ आणि ‘वेपार’ एकाच घरात नांदतात, आणि गुजराती माणसाला व्यापारातलं कळत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे?

यावर हमखास येणारी शंका: व्यापार म्हणजे खरेदीविक्री, तिचा वावरण्याशी काय संबंध? अहो, खरेदीविक्री हा अर्थ नंतर चिकटला. मूळ अर्थ काहीतरी करत असणं, कामात गुंतणं. मनोव्यापार म्हणतो तेव्हा मनात कोणी दुकान थाटलेलं नसतं. इंद्रियांचे व्यापार म्हणतो तेव्हा डोळे आणि कान गल्ल्यावर बसलेले नसतात. व्याकरणवाले तर धातूच्या अर्थाचे ‘फल’ आणि ‘व्यापार’ असे दोन भागच करतात. ‘शिजवणं’ घ्या: भात मऊ होणं हे फल. चूल पेटवणं, तिच्यात फुंकर घालणं, हा व्यापार. (फुंकर इथेही आली, बघा. समज म्हणून सोडून दिला होता, पण तो मला सोडत नाही.)

आता शेताचं ‘वावर’. विदर्भात, मराठवाड्यात माणूस ‘वावरात’ जातो. माझ्या मते हाही तोच धाकटा भाऊ: जिथे माणूस दिवसभर कामात गुंतलेला, ते वावर. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक हे ऐकलं की खवळतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे वावर संस्कृत ‘वप्’ म्हणजे पेरणं यातून आलं. वाप म्हणजे पेरणी, म्हणून वावर म्हणजे पेरायची जागा. छान. मग शेवटचा ‘र’ कुठून आला, हे मी त्यांना तीन दिवाळ्या विचारतोय. एकदा म्हणाले, ‘तो प्रत्यय.’ कसला प्रत्यय, तर ‘असतो एक.’ हे उत्तर विद्यार्थ्याने दिलं असतं तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. शिवाय पेरणी असते चार दिवसांची, माणसाचा तिथला वावर बारा महिन्यांचा. शेताचं नाव ठेवणारा शेतकरी कशावरून ठेवील?

हं, तर सूचना. ‘अव्यापारी वापर’ म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशोबाने ‘बिनवापराचा वापर’. आजच्या मराठीत तो चूक आहे असं मी म्हणणार नाही, शब्द कधीच वेगवेगळे राहायला गेलेत. पण पालकांना तो कळत नाही हे उघडच आहे. ‘वैयक्तिक’ही तसाच बिनचेहऱ्याचा. आपल्याकडे याला तयार जोडी आहे आणि ती प्रत्येक स्वयंपाकघराला पाठ आहे: सिलिंडर. १४.२ किलोचा घरगुती, १९ किलोचा व्यावसायिक. घरगुती सिलिंडर वडापावच्या गाडीखाली दिसला तर त्यात काय चुकलं, हे कोणाला समजावावं लागत नाही. तेव्हा लिहा: ‘घरी आणि वर्गात रंगवण्यासाठी मोफत. विकायला मनाई.’ मुक्त नाही, निःशुल्क नाही, अव्यापारी तर नाहीच.

दुकानदारांना झेरॉक्सचे पैसे घ्यायला काहीच हरकत नाही, वर्गासाठी ताईंनी सांगितलेल्या प्रतींचे घ्यावेतच. वही करून गल्ल्यावर मांडणं मात्र बंद करा म्हणावं. ‘आम्हाला काय माहीत, कुठे लिहिलंय?’ असं ते म्हणतील, आणि ते अगदीच खोटं नसेल. ताईंनी त्या वहीतल्या हत्तीच्या पानाचा फोटो पाठवलाय, तो मी मोठा करून पाहिला. डाव्या कडेला स्पायरलसाठी भोकं पाडलीत, आणि त्यातलं एक नेमकं ‘नॉट’वर पडलंय. उरलेलं स्वच्छ वाचता येतं: ‘फॉर कमर्शियल यूज’.