ग्रीनवरचा चेंडू ‘बदला’ म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: गोल्फच्या नियमांतल्या ‘रिप्लेस द बॉल’चं मराठी ‘चेंडू बदला’ असं करावं का? आणि ग्रीनवर, म्हणजे होल या खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, परत ठेवलेला चेंडू वाऱ्यानं सरकला तर काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मुळीच नाही. हे ‘चेंडू बदला’ मी इतक्यांदा वाचलं-ऐकलं आहे की दर वेळी दाताखाली खडा येतो. नियम जे सांगतो त्याच्या नेमकं उलट हे मराठी सांगतं. ग्रीनवर चेंडूच्या अगदी मागे किंवा शेजारी खूण ठेवायची, चेंडू उचलायचा, पुसायचा आणि तोच चेंडू त्याच जागी ठेवायचा, हे झालं ‘रिप्लेस’. दुसरा चेंडू घेण्याला नियमांत ‘सब्स्टिट्यूट’ हा निराळा शब्द आहे, आणि परवानगी नसताना तसा चेंडू घेऊन खेळलात तर 2023च्या नियमांनुसार एका फटक्याचा दंड आहे. म्हणजे मराठी भाषांतर इमानानं पाळणारा खेळाडू दंड भरणार!

फरक किती बारीक आणि किती महाग असतो ते 2017 साली कॅलिफोर्नियात दिसलं. एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या मोठ्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत अमेरिकी गोल्फपटू लेक्सी थॉम्पसननं सतराव्या होलवर अगदी जवळच्या ‘पट’साठी (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यासाठी) चेंडू उचलला आणि परत ठेवताना तो मूळ जागेपासून इंचभर सरकला. दुसऱ्या दिवशी ती आघाडीवर खेळत असताना एका टीव्ही प्रेक्षकाच्या ईमेलवरून तिला चार फटक्यांचा दंड झाला: दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल, दोन चुकीचं गुणपत्रक दिल्याबद्दल. बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये ती हरली. चेंडू तिचा तोच होता. बदलली होती ती जागा.

आता ‘बदल’ या शब्दाकडे या, खरी गंमत तिथे आहे. शब्द अरबी. अर्थ, एक देऊन दुसरं घेणं. ‘मोबदला’ त्याच घराण्यातला. मुंबईच्या गिरण्यांतला ‘बदली कामगार’ आठवा: कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर उभा राहणारा दुसरा माणूस. तोच माणूस सुट्टीवरून परत आला तर त्याला कुणी बदली म्हणत नसे. आणि याच ‘बदल’मधून आपलं रोजचं ‘बद्दल’ आलं आहे. ‘बद्दल’ म्हणजे ‘विषयी’ एवढंच सांगून जे पुढे सरकतात त्यांनी शाळेतलं व्याकरण पुन्हा उघडावं. तिथे ‘बद्दल’ हे ‘ऐवजी’, ‘बदली’, ‘जागी’ यांच्या पंक्तीला विनिमयवाचक म्हणून बसवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. ‘मदतीबद्दल आभार’ म्हणजे मदत घेतली, तिच्या बदल्यात आभार दिले. ‘चुकीबद्दल दंड’ हाही रोखठोक व्यवहार आहे. ‘विषयी’ हा अर्थ माझ्या मते याच वाक्यांतून हळूहळू उतरला. ‘त्यानं केलेल्या अपमानाबद्दल राग’ हा आधी अपमानाच्या बदल्यातला राग होता. मग ‘त्याच्याबद्दल राग’ झाला, आणि शेवटी नुसतं ‘त्याच्याबद्दल बोलणं’ उरलं. देवघेव विरली, शब्द राहिला. मला हे पटलेलं आहे आणि कुणी उलट पुरावा दाखवेपर्यंत मी ते सोडणार नाही.

‘बदला’ नको म्हटल्यावर एकानं ‘चेंडूच्या जागी ठेवा’ असं सुचवलं. हे तर जास्त फसवं, कारण कानाला बरोबर वाटतं. पाणिनीचं सूत्र आहे, ‘षष्ठी स्थानेयोगा’: ज्याला षष्ठी विभक्ती (मराठीतली ‘चा-ची-चे’, ‘च्या’) लागली त्याच्या जागी दुसरं काही येतं. ‘इको यणचि’ या संधीच्या सूत्रात ‘इकः’ (इ, उ वगैरे स्वरांच्या) ही षष्ठी, म्हणून ‘अति’ अधिक ‘अंत’ मिळून ‘अत्यंत’ होताना इ जाते आणि य येतो. ज्याची जागा जाते तो ‘स्थानी’, येतो तो ‘आदेश’. मराठीनं ही सवय जशीच्या तशी राखली आहे. ‘आजारी खेळाडूच्या जागी’ म्हटलं की दुसरा खेळाडू आलाच. तसंच ‘चेंडूच्या जागी’ म्हटलं की पहिला चेंडू गेला! ‘च्या’ काढा, ‘चेंडू जागी ठेवा’ म्हणा, की तोच चेंडू परत आला. इंग्रजीत ‘रिप्लेस’चा जुना अर्थही हाच, परत जागेवर ठेवणं. ‘ऐवजी दुसरं आणणं’ हा अर्थ अठराव्या शतकातला, आणि गोल्फनं जुना अर्थ सोडलेला नाही.

म्हणून मराठी करायचं तर ‘चेंडू मूळ जागी परत ठेवा’. ‘पुनःस्थापित करा’ कुणाही कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याच्या, तोंडी बसणार नाही.

वाऱ्याचं राहिलं. इथेही सगळं त्या ‘परत ठेवा’वरच आहे. ग्रीनवरचा चेंडू एकदाही उचललेला नसेल आणि वाऱ्यानं सरकला, तर जिथे थांबेल तिथून खेळायचं. उचलून परत ठेवलेला असेल, तर 2019पासून नियम असा की तो पुन्हा मूळ जागी आणायचा, दंड नाही. वारा त्याला थेट होलमध्ये घेऊन गेला तरी बाहेर काढायचा आणि जागी ठेवायचा.