नवं पिल्लू उचलून आणलंस, आता आधी हे कर

पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंस, बरं केलंस. पण त्याला लगेच बाकीच्या पिल्लांत सोडू नकोस. खेळतंय, खातंय म्हणून ते निरोगीच असेल असं नाही. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, झालेलं पिल्लू उलट्या-जुलाब सुरू व्हायच्या आधीच विष्ठेतून विषाणू पसरवायला लागतं. दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव. वाडगा, फडकी, सगळं वेगळं.

पार्वो पसरायला पिल्लांची गाठ पडावीच लागत नाही. तुझी चप्पल पुरते. हा विषाणू ओल्या, सावलीतल्या जागी महिनोन्‌महिने टिकतो आणि सॅनिटायझरने मरत नाही. नवीन लोकांना हे पटतच नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आधी घाण धुऊन काढ, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून लादी १० मिनिटं ओली राहू दे. निरोग्यांना आधी खायला घाल, आजाऱ्याकडे शेवटी जा.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूचा आजार खोकल्या-शिंकांतून पसरतो, पण बाहेर फार टिकत नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू असलेला संसर्ग उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात जाऊ नकोस.

लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू कर आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी दे. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे पहिला डोस वाया जाऊ शकतो, त्यामुळे एकावर थांबू नकोस. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात नेलंस, तर रांगेत त्याला जमिनीवर ठेवू नकोस. पेटीतच राहू दे.